बदली आल्याशिवाय

आमच्या घरचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसणं. माझा मुलगा आता त्याला कंपनी म्हणतो. परवा मला म्हणाला, "आई, कंपनीचा इतिहास आणि मूल्यं दोन पानांत लिहून दे." मूल्यं! आमच्या वेळी एकच मूल्य होतं आणि त्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. तरी लिहिते. त्याला हवं तसं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात झाली ती आजोबांच्या अर्धांगवायूपासून. आई लग्नाआधी इस्पितळात नर्सचं काम शिकलेली, बाबा डहाणूतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर. दोघांनी मिळून आजोबांचं सगळं केलं. त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चादर ताठ ओढायची, पाठीला तेल आणि पावडर लावायची. आजोबा बरेच दिवस अंथरुणावर काढून गेले, पण गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर लाल डागसुद्धा नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सडायचीच, हे तेव्हा लोक धरूनच चालत. त्यामुळे सांत्वनाला आलेली माणसं आजोबांपेक्षा त्यांच्या पाठीबद्दलच जास्त बोलली.

मग बोलावणी येऊ लागली. सरावलीहून, चिकूच्या वाड्यांतून, तलासरीकडच्या पाड्यांवरून. माझी काकी ऐन तरुणपणी विधवा होऊन आमच्याकडेच राहत होती, ती आईच्या हाताखाली तयार झाली. बाबांनी दवाखाना सोडला. कुणी कुठे जायचं, कुणाला कधी सोडवायचं, हे सगळं ते ठरवत आणि गरज पडली की स्वतःही पिशवी उचलून निघत.

नियम झाला तो सरावलीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. तिथली घरची माणसं लग्नाला गेली होती. बदली म्हणून येणाऱ्या काकीला उशीर झाला, तेव्हा आई शेजारणीला बसवून शेवटच्या एसटीसाठी निघाली. शेजारीण चुलीवरचं दूध बघायला म्हणून घरी गेली आणि तेवढ्यात म्हातारबाबा खाटेवरून पडले. त्यातून ते उठले नाहीत. कुणी आईला बोल लावला नाही. बाबांनीही लावला नाही. पण त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "यापुढे आपल्या घरची बदली आल्याशिवाय पेशंटचा उंबरा ओलांडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी."

आणि बदली आलेल्या माणसाने पाणीसुद्धा पिण्याआधी पेशंटची पाठ बघायची. पाठ चांगली असेल तर तसं तोंडाने म्हणायचं आणि आधीच्या माणसाला "जा" म्हणायचं. तो "जा" ऐकल्याशिवाय सुटका नाही. आई आणि काकी एकमेकींना हे इतक्या गंभीरपणे म्हणत की मला हसू येई. मी स्वतः कामाला लागल्यावर ते थांबलं.

मी कामाला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा बाबांचे पाय सुजू लागले. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं आणि पडून राहायला बजावलं. बाबा पडून राहिले ते भिंतीला टेकून, आणि तिथूनच बदल्यांची जुळवाजुळव करत राहिले. त्यांना दुखणं साधंच वाटत होतं, निदान आम्हाला ते तसं भासवत होते. त्याच आठवड्यात आई बोर्डीपलीकडच्या झाईला, कोळ्यांच्या गावी गेली. एका म्हाताऱ्या तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या नाखव्याचं, मांडीचं हाड मोडलं होतं. मुलगे समुद्रावर, घरी एकटी सून. काकी तलासरीच्या एका पाड्यावर, बाळंतपणानंतर तापाने फणफणलेल्या बाईजवळ. बाबांजवळ मी.

दोनच दिवसांत बाबांना आडवं होता येईना. बसल्या बसल्या धाप लागे, ओठ निळसर दिसत. मी म्हटलं, "आईला बोलावते."

"तिथे बदली कोण जाणार?"

"मी जाते."

"मग माझ्याजवळ कोण?"

"शेजारच्या काकू बसतील."

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. सरावलीची गोष्ट त्यांना पुन्हा सांगावी लागली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "नियम तुम्हीच केलात, तुम्हीच मोडा की!" बाबा धापा टाकतच हसले. म्हणाले, "तो म्हातारा तिथे उताणा पडलाय गं. त्याला स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही. मला निदान बसता तरी येतंय."

झाईच्या मासेवाल्या सकाळी डहाणूच्या बाजारात येत. त्यांतल्या एकीला मी घरी बोलावून बाबांना दाखवलं आणि सांगितलं, आईला म्हणावं, असशील तशी निघ. बाबांनी लगेच तिला थांबवून आपला निरोप दिला, "तिला सांगा, मी ठीक आहे. बदली मिळेल तेव्हाच ये." मासेवालीने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि टोपली उचलून गेली.

पुढचं मला तिच्याकडूनच नंतर कळलं. तिने दोन्ही निरोप आईला जसेच्या तसे सांगितले. आई ओसरीवर येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत जाऊन तांडेलाला कुशीवर वळवू लागली. सून म्हणाली, "तू जा गो बाय. तू शिकवलंस ना मला? मी करीन." आई म्हणाली, "आमच्या घरचं माणूस यायला लागतं." ती रात्र ती तिथेच राहिली. मला अजून कळत नाही, तिच्या जागी मी काय केलं असतं. राग मात्र आला होता, खूप आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

सकाळी सुनेने म्हणे आईची पिशवी उचलली आणि अंगणात बोंबील वाळत घातले होते तिथे नेऊन ठेवली. मग परत येऊन सासऱ्याची पाठ पाहिली. आई करायची तशीच, मानेपासून खालपर्यंत. म्हणाली, "पाठ चांगली हाय. आता मी तुझ्या घरची. जा." आईने तिच्या पाया पडण्यासाठी हात पुढे केला आणि ती मागे सरली, असं मासेवाली सांगत होती.

बाबा त्याच सकाळी गेले. चहाचा एक घोट घेतला, कप माझ्या हातात दिला, मान माझ्या खांद्यावर टाकली आणि धाप थांबली. मला आधी वाटलं, बरं वाटतंय त्यांना.

शेजारी जमले. कुणी मला बाहेर चल म्हणालं, कुणी पाणी पुढे केलं. मी खाटेजवळून हलले नाही. मला वेड लागलं असं काहींना वाटलं असेल. कुणाला कसं सांगणार होते की अजून बदली आलेली नाही?

बोर्डीहून येणाऱ्या गाडीने आई दुपारी आली. अंगणातली माणसं पाहून तिला कळलंच असणार. ती थेट आत आली. पिशवी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि खाटेशी आली. मला खुणेने पलीकडून धरायला सांगितलं. आम्ही दोघींनी बाबांना कुशीवर वळवलं. तिने सदरा वर केला आणि मानेपासून खालपर्यंत त्यांची पाठ पाहिली. हाताने एकदा चाचपली.

"पाठ चांगली आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी आले. जा तू आता."

मी उंबरा ओलांडला आणि मागच्या अंगणात जाऊन मोठ्याने रडले.