आवणीच्या बांधावर वाचलेली कादंबरी

ये गं, अशी जवळ सरक. किती दिवस फिरकली नाहीस — रागावणार होते तुझ्यावर, पण आज मलाच खाली बघून बोलायचंय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

मळवलीला आमच्याकडं एका बंगल्याची राखण आहे. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पुढचं वाचायला मी आपली आपणच शिकले, पाहुणे टाकून गेलेल्या मासिकांवर. तर एका बाईंची कादंबरी मोबाइलवर आली. आख्खी. फुकट. पुस्तकावरून कुणी उतरवून घेतली, त्या बाईंना विचारलं का — मी चौकशी केली? नाही. वर बचत गटाच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले.

त्या साली भाताच्या आवणीत, रोपं लावून भाकरी खायला बसलो की मी बांधावर मोठ्यानं वाचायचे. कादंबरीतली सासू मेली तेव्हा आमच्या गटातली हौसा म्हणाली, "मेली ती बरं झालं, पन मला का गं रडू येतंय?" इतकं जिवंत लिहिलेलं.

पुढं दोन वर्षांनी त्याच बाई बंगल्यावर राहायला आल्या. लिहिणाऱ्या आहेत, असं बंगल्याच्या मालकांनी नावासकट आधी कळवलं होतं, म्हणून मी टेबल खिडकीशी लावलं. त्या म्हणाल्या, "टेबल राहू दे, मावशी. लिहिणं सोडतेय मी. पुस्तकांचे गठ्ठे तसेच पडून आहेत. कुणी वाचतच नाही."

वाचलंय बाई, आमच्या आख्ख्या शिवारानं वाचलंय — जिभेवर आलं होतं. पण त्यांनी आनंदानं म्हटलं असतं, आणा पुस्तक, सही करते. मग काय, मोबाइल पुढं करू? तर मी म्हणाले, "आमाला कुटं वाचता येतंय, बाई."

त्या हसल्या. मायेनं. आयुष्यात स्वतः कमावलेली एकच गोष्ट माझ्याकडं, चार अक्षरं — तीसुद्धा नाकारली मी, चोरी झाकायला.

त्यांचं नवं पुस्तक काही आलं नाही. हौसा अजून विचारते, "आक्का, त्या बाईचं दुसरं हाय का गं?" न्हाई म्हणते.

चोरून वाचलेलं आवडलं, असं म्हणायचा हक्क असतो का गं? आमचं रडू खरं होतं. पण ते त्यांच्यापर्यंत पोचायचं, ते मी दारातच अडवलं. आणि त्या तिथंच, माझ्यासमोर, चहा पीत बसल्या होत्या.

समजूत घालू नकोस माझी. हे ऐकूनही यावंसं वाटलं, तर पुन्हा लवकर ये.