कारकुनाची सुट्टी आणि बायकोचं बोट

बायकोची पेटी उघडली अन् वाळक्या कडूलिंबाच्या पाल्याचा वास आला. पाल्याखाली ती कादंबरी होती, एका साध्या कारकुनाच्या सुट्टीतल्या फजितीची. त्या वासासरशी मी रेणापूरला, सासुरवाडीच्या ओसरीवर जाऊन बसलो.

धोंड्याच्या महिन्यात नवा जावई म्हणून जेवायला गेलतो. पुरणाचे धोंडे खाऊन डोळे जड झालेले. तेवढ्यात मेहुणीनं हेच पुस्तक हातात दिलं.

"दाजी, वाचा की मोठ्यानं. का येत न्हाई?"

मी दुसरीतून शाळा सोडलेली. एक ओळ लावायला घाम फुटायचा. पण न्हाई म्हणणारा मी न्हाई. पुस्तक उघडलं अन् मनानंच सांगत सुटलो. कारकून हदगावच्या गाडीत झोपला, जागा झाला तर मांडीवर परक्याची कोंबडी! सासरे डोळे पुसत हसून राहिले होते. त्या रंगात मी पान उलटायचंच विसरलो. सातवी शिकलेली माझी बायको शेजारी वारा घालत होती. तिनं हळूच बोट घालून पान उलटलं. जरा वेळानं आणखी एक. मला रागच आला. लई शहाणी, वाटलं.

तिनं तो विषय जन्मात काढला न्हाई. आता ती न्हाई.

यंदा अक्षराला अक्षर लावून मी पुस्तक वाचून राहिलो. कोंबडी कुठंच न्हाई. माझीच गोष्ट सरस होती, आजही सांगतो. फक्त पान संपलं की हात थांबतो. वाटतं, शेजारून बोट येईल.