अर्धा आटा सैल

मस्कतमध्ये राजकन्यांना झोपू न देणारा एकच माणूस होता, आणि तो गाला नावाच्या भागातल्या गॅरेजांच्या गल्लीत गाड्यांचे क्लच बदलत असे. आमचे गॅरेजवाले चाचा. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, अंगाने किरकोळ. मिशी मुळात काळी की ग्रीसने काळी, हे कुणालाच सांगता येत नसे. बिघडलेली गाडी गोष्टीने दुरुस्त होते, पाना हे निमित्त, अशी त्यांची ठाम श्रद्धा. गोष्टी सगळ्या जिनांच्या, उडत्या गालिच्यांच्या, वाळूखाली गाडल्या गेलेल्या शहरांच्या. आणि प्रत्येक गोष्टीत मोठ्यांनी घातलेला घोळ निस्तरायला एक पोरगी यायची. राजपुत्र असलाच तर मागच्या सीटवर.

राजकन्यांच्या बाबतीत मी आधीच चिडलेली. पुण्यात कॉलेजची वर्षं पत्रकं लिहिण्यात गेली. मस्कतला आईबाबांकडे परतले, नोकरीला लागले, तरी खोड गेली नाही. शुक्रवारी आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये मी अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा मराठी वाचनवर्ग घेते. त्यासाठी पुस्तकं मागवली, तर निम्म्या राजकन्या झोपलेल्या आणि उरलेल्या रडत बसलेल्या. सातवीतल्या मुलीने हे का वाचावं, सांगा. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं, ‘पालकहो, झोपाळू राजकन्या परत पाठवा’, आणि पहिली प्रत चाचांना नेऊन दिली. त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, व्यवस्थित घडी घातली आणि तिनेच आमच्या गाडीची डिपस्टिक पुसली.

“कागद बरा हाय,” म्हणाले. “तेल लगेच टिपतो.”

“चाचा, त्यात विचार आहे.”

“हाय ना. पण तुझ्या विचारात कोण उडतं का गं बाय?”

त्यांच्या गोष्टीत सगळेच उडायचे, आणि तेही मेकॅनिकच्या नजरेखाली. बरका गावच्या मासळीबाजारावरून जाताना गालिच्याचा क्लच स्लिप झाला, तेव्हा वजीर कलमा पढत बसला आणि वजिराच्या मुलीने केसांची रिबीन सोडून हवेतच गालिचा बांधून घेतला. एका सुलतानाने जिनाला बाटलीत कोंडलं. सुलतानाच्या नातीने आधी बाटलीचा वॉशर तपासला. सुलतान हा शब्द चाचा फार वापरत नसत. त्यांच्या गोष्टीत जो कुणी हुकूम सोडी तो अर्बाब, म्हणजे मालक. जिनसुद्धा कुठल्या तरी अर्बाबकडे नोकरीला. दिवा घासला की तो दोन हात जोडून बाहेर यायचा आणि आधी विचारायचा, “आज जुम्मा हाय ना? सुट्टी हाय माझी.”

नियम एकच होता. हात चालू तोवर गोष्ट चालू. पंक्चरला छोटी गोष्ट, गिअरबॉक्सला लांबलचक. इंजिन सुरू झालं की चाचा बोनेट आपटायचे. “खलास. यल्ला, निघा.” पोरगी तलवार उपसून उभी असली तरी बोनेट खाली. माझी धाकटी बहीण आर्या, वय वर्षं बारा, शाळेत इंग्रजी आणि घरी अडखळत मराठी, ती त्या आवाजाने दरवेळी कळवळायची. “चाचा, पुढे काय झाला?” “पुढे तुझी गाडी बिघडली की. इन्शाल्ला लवकर बिघडेल.” गिऱ्हाइकाला असा आशीर्वाद देणारं दुसरं गॅरेज मी पाहिलेलं नाही.

नजमाची गोष्ट अशीच अडकली. निझव्याजवळच्या एका गावात डोंगरातून भुयारी पाटाने पाणी यायचं. एक दिवस पाट आटला. गावातले बाप्ये अर्बाबकडे अर्ज घेऊन गेले. पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या माणसाची मुलगी नजमा मात्र कंदील घेऊन थेट भुयारात शिरली. तिसऱ्या वळणावर पाट अडवून जिन बसलेला, पाण्याइतकाच थंड. नजमा म्हणाली, “ऊठ.” जिन म्हणाला, “मला उठता...” आणि आमच्या गाडीने स्टार्ट घेतला.

वर्गात मी हीच गोष्ट सांगायला घेतली होती. आता पुढचं काय सांगायचं? मीच शेवट लिहिला. नजमाने जिनाला पाण्यावरच्या सर्वांच्या समान हक्काविषयी सुनावलं. मुलं जांभया देऊ लागली. आर्या म्हणाली, “ताई, ती भाषण का देते?”

मग चाचांचीच बातमी आली. डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं होतं. मुलगा गावी बोलावत होता. “सुट्टीवर जाताय ना, चाचा?” मी विचारलं. “व्हेकेशन नाय बाय. कॅन्सल.” आखातात परत येणारा व्हेकेशनला जातो, कायमचा जाणाऱ्याचा व्हिसा रद्द होतो, म्हणून तो कॅन्सल होतो. उभी हयात इथल्या गाड्यांखाली पाठ टेकून काढलेल्या माणसाला हा शब्द. त्यावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं असतं, पण आर्याने तेवढ्यात मोजलं, “सहा दिवस राहिले. आणि नजमा अजून आत आहे.”

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी आमची गाडी पार्किंगमध्ये ठप्प. मी चाचांना फोन केला. पिकअप घेऊन आले, बोनेट उघडलं, बॅटरीच्या टर्मिनलला बोट लावलं. ते टकटक हललं. कुणीतरी नट मुद्दाम सैल केला होता, आणि ते कुणीतरी आकाशाकडे पाहत उभं होतं.

“मोठं काम हाय,” चाचा गंभीरपणे म्हणाले. आर्याचा चेहरा उजळला. पण त्यांनी पाना तिच्याच हातात दिला. “मला दिसत नाय आता. तू आवळ. ज्याचा हात चालू, त्याची गोष्ट.”

“मला मराठीत नाही येत, चाचा.”

“जिनाला कुठे येते?”

तिने पाना लावला. “जिन म्हणाला, मला उठता येत नाही. अर्बाबने सांगितलं, पाणी बंद कर. माझा दिवा त्याच्याकडे आहे.” नट थोडा फिरला. “मग नजमा गेली. अर्बाब झोपला होता. तिने दिवा घेतला. पण घासला नाही. जिनलाच दिला.” ती थांबली, शब्द शोधू लागली. “आणि मग नजमाने जिनला... कॅन्सल केलं.”

सुटका, मी सांगणार होते. सुटका म्हणतात त्याला. चाचांनी हात वर करून मला गप्प केलं.

“मग तो खूश झाला का?” त्यांनी विचारलं. गोष्टीत पुढे काय झालं, हे चाचांनी कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

“हो. थोडा रडला. मग घरी उडत गेला. आणि पाणी आलं.”

चाचा मिशी पुसत राहिले. ग्रीस नव्हतं तरी. आर्या नट आणखी आवळू लागली तेव्हा म्हणाले, “बस. अर्धा आटा राहू दे.”

पुढच्याच मंगळवारी ते गावी गेले. गॅरेज आता दुसरा कुणी चालवतो. झटपट काम करतो, तोंडातून शब्द काढत नाही. वर्गात मी पत्रक वाटत नाही. मुलांना काहीतरी उसवलेलं, मोडलेलं घेऊन यायला सांगते, आणि आर्या गोष्टीला सुरुवात करते. गाडी महिन्यातून एकदा तरी हटून बसते. बाबा चिडतात, टर्मिनल एकदाचं घट्ट करून आण म्हणतात. मी हो म्हणते आणि तसंच ठेवते.