चंद्रीचा खोकला

दुपारचं जेवण अंगावर आलंय. बापूसो चौगुले मोटारीखाली पोत्यावर उताणे पडलेत, छातीवर पाना, आणि डोळे मिटावेत की नको अशा बेतात. शेडचा पत्रा उन्हानं कडकडतोय. दाराबाहेर खुर्चीवर हौसावहिनी बसल्यात, जरीकाठी लुगडं नेसून, सकाळपासून. मोटार सुरू झाली की तिच्यातून माहेरी कागलला जायचं, तोवर अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या पुण्यातल्या पोराचा हट्ट दुसरा. आज सुरू झाली तर राहू दे. नाहीतर उन्हं कलताना भंगारवाल्याचा टेंपो येईल आणि घेऊन जाईल.

मोटार म्हणजे जुनी मॉरिस. घरातलं नाव चंद्री. ती बापूसोंच्या थोरल्या भावाची, म्हणजे वहिनींच्या मालकांची, रंगाण्णांची. अंबा घाटात ब्रेक गेला तेव्हा अण्णांनी मागं रेडा बांधून तिला खाली उतरवली, असं बापूसो सगळ्या गल्लीला सांगतात. रेडा बघितलेला माणूस गल्लीत नाही. पण रेडा नव्हता म्हणणाराही अजून पुढं आलेला नाही.

अण्णा गेले त्या दिवशी चंद्रीवर ताडपत्री पडली, ती चौदा वर्षं. आता बापूसो महिनाभर खपतायत. जाम झालेल्या इंजिनात तेल मुरवलं, ते सुटं केलं, प्लग घासले, कार्बोरेटर धुतला, नवी बॅटरी घातली. सगळं जागच्या जागी. हँडल मारलं की चंद्री एकदा खोकते आणि गप्प.

"अशी कशी गं तू," म्हणता म्हणता बापूसोंचा डोळा लागतो.

लागतो न लागतो तोच मोटारीशेजारी दोन पाय येऊन उभे राहतात. कोल्हापुरी पायताण, उजव्याचा अंगठा तारेनं बांधलेला. हे पायताण तेराव्याला दान द्यायला काढलं तर भटजींनीसुद्धा नको म्हटलेलं.

"बाप्या, गाडीखाली काय पडलाईस? बाळंतीण हाईस व्हय?"

आवाज अण्णांचाच, पण गेंगाणा.

बापूसो सरपटत बाहेर येतात तर शेड नाही. गुऱ्हाळ आहे. काहिलीत रस उकळतोय, वाफेत चंद्री उभी, आणि तिच्या बॉनेटवर मांडी घालून अण्णा काकवी चाटतायत. दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे.

"अण्णा, मी मारली का वो तिला?" बापूसो विचारतात. "हँडल लई जोरानं मारलं मी."

"तू? तुझ्या हातनं कधी माशी मेली न्हाई. रेडा केवढा सांगतोस हल्ली?"

"हत्तीएवढा."

"वाढलाय की. मी असताना म्हशीएवढाच हुता."

अण्णा शिंकायला तोंड वासतात. शिंक येत नाही. डोळ्यांत नुसतं पाणी.

"ह्यो कापूस बघ की. आत घेतोय, पर भाईर सोडायला जागाच न्हाई. काढ."

बापूसो हात पुढं करतात. तर गुऱ्हाळ नाही. पंचगंगेचं पाणी गुडघाभर आहे, म्हशी चंद्रीच्या मडगार्डला अंग घासतायत, आणि कापूस निघतोय. हातभर निघतो, कासराभर निघतो, म्हशींच्या शिंगांना गुंडाळूनही उरतो. शेवटचा बोळा सुटतो आणि अण्णा अशी शिंक देतात, की पलीकडच्या काठावरची बगळ्यांची अख्खी रांग उडते.

"हाऽऽ!" आवाज मोकळा, तालमीत घुमायचा तसा. "आता तिचा काढ. तीबी त्याच दिसापासनं कोंडलीया."

"तिला कुणी घातला?"

"मला जिनं घातला तिनं. तुमी गडी इंजनात मुंडकी घालून बसतासा, भाईर बसलेल्या बाईला कोण इचारतंय?"

"अण्णा, आता आलायसा तर एक चक्कर तरी..."

"पुढं हौसाला बसव. मी मागं बसतो, रेड्याची दोरी धरून."

म्हशी हॉर्न वाजवायला लागतात.

हॉर्न टेंपोचा आहे. बापूसो दचकून उठायला जातात, कपाळ मोटारीच्या बुडाला आपटतं. तसेच सरपटत मागल्या बाजूला जातात आणि सायलेन्सरच्या नळीत बोट घालतात. मऊ लागतं. ओढतात. काळाकुट्ट बोळा, त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा.

"वहिनी! ह्ये कुणी कोंबलं?"

"मी," हौसावहिनी खुर्चीवरून म्हणतात. "ह्यांच्या नाकात हिना अत्तर लावून घातला, तवा वाटीत कापूस उरला हुता. तीबी घरातलीच की. तिला तशीच उघडी सोडायची व्हय?"

"आन् महिनाभर बोलला न्हाईसा?"

"मला वाटलं, सगळ्यात आधी तेच काढलं असंल!"

बापूसो एका हातानंच हँडल मारतात. डावी मूठ अजून झोपेतल्यासारखी मिटलेली. चंद्री खोकते. थांबते. मग अशी शिंकते, की काजळीचा लोट थेट टेंपोवाल्याच्या सदऱ्यावर. आणि धडधडायला लागते. शेडचा पत्रा थरथरतो, ताडपत्रीवरची धूळ नाचते.

"मामा, ह्ये कुठलं भंगार?" सदरा झटकत टेंपोवाला म्हणतो आणि गाडी मागं घेतो.

बापूसो मडगार्डवर बसतात. महिन्याभराचा श्वास एकदम सुटतो. हसतायत की रडतायत, त्यांचं त्यांनाच कळत नाही. डोळे पुसायला ते डावी मूठ उघडतात.

तिच्यात आणखी एक बोळा आहे. पांढराशुभ्र, ओलसर, हिना अत्तराच्या वासाचा.

बापूसो मूठ तशीच वहिनींपुढं धरतात. वहिनी येतात, तो बोळा उचलतात, नाकाशी धरतात. बराच वेळ. मग लग्नात लावतात तसा तो फाया कानात खोचतात आणि पुढच्या सीटवर जाऊन बसतात.

"मागं पाना-बिना टाकू नका, भावजी," त्या म्हणतात. "बसायला जागा लागंल."