दहा दिवस मागे मोजून

माझं वय एक्केचाळीस. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी डिझाइन इंजिनिअर आहे, आणि एका कॉम्प्युटर गेमचा दुसरा भाग येण्याची मी सात वर्षं वाट पाहिली आहे. हे लिहितानाही कान गरम होतात. सात वर्षांत माणसं घर बांधतात, परदेशी जातात, निदान पोहायला तरी शिकतात. मी वाट पाहिली.

ज्यांना हा नाद नाही त्यांना सांगून पटणार नाही, पण गेम खेळण्यापेक्षा त्याची वाट पाहणं जास्त गोड असतं. आधी नुसती घोषणा होते. मग दीड मिनिटाचा ट्रेलर येतो. तो मी थांबवत थांबवत बघायचो. मागच्या डोंगरावर दिवा दिसतोय म्हणजे तिथं गाव असणार, घोड्याच्या खोगिराला दोर आहे म्हणजे या वेळी कडे चढता येणार, असे शोध लावायचो. जगभरातले माझ्यासारखेच रिकामटेकडे ते शोध वाचून वाद घालायचे. तारीख जाहीर व्हायची, पुढे ढकलली जायची, पुन्हा जाहीर व्हायची. बायको भाजी निवडताना विचारायची, "आला का तुझा घोडा?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." ती म्हणायची, "असू दे, आपल्याला कुठं घाई आहे."

शेवटी पक्की तारीख आली. गुरुवार, सकाळी साडेदहा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याकडे एका बड्या ग्राहकाचं ऑडिट लागलं. सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. शनिवार-रविवारपर्यंत थांबायला कुणी मला अडवलं नव्हतं. पण सात वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी दोन दिवस जड गेले.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला सुट्टीचं एक कारण जन्मजात मिळालेलं असतं. गोदावरी आपल्या दारात. त्यामुळे कुठल्या कुठल्या गावांतले नातेवाईक दहाव्याच्या विधीसाठी रामकुंडावर येतात आणि नाशिककराला त्यांच्यासाठी धावावं लागतं. गुरुजी ठरवा, चहा बघा, बायकांना कपडे बदलायला आडोसा शोधा, परतीच्या गाडीत बसवून द्या. मीही तीन-चारदा खरोखरच हे केलं होतं. 'गावाकडची माणसं दहाव्याला येणार आहेत' म्हटलं की कुठलाही साहेब नाही म्हणत नाही, ऑडिट असो नाहीतर आणखी काही.

म्हणून मी धुळ्याच्या एका चुलत चुलत्यांना मारलं. असे कुणी चुलते मला नव्हतेच, एवढाच काय तो दिलासा. गुरुवारी दहावा यायचा, तर जायला कधी हवं? मी कॅन्टीनमध्ये बोटांवर मोजलं. आदल्या आठवड्यातला मंगळवार निघाला. तेव्हा मंगळवारी दुपारी मी फोनवर बोलल्यासारखं केलं, चेहरा पाडला आणि आमच्या सुपरवायझरांकडे गेलो.

त्यांना सगळं खातं दादा म्हणायचं. वय पंचावन्नच्या पुढे, मूळचे देवळ्याकडचे, निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. डिझाइनमध्ये आम्ही शिकलेली माणसं, पण डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, मशीनवर चढल्यावर बसेल की नाही हे दादा नुसता हात फिरवून सांगायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा माझं पहिलं ड्रॉइंग चुकलं होतं. ते त्यांनी साहेबांपर्यंत जाऊच दिलं नाही. मला बाजूला घेऊन फक्त म्हणाले, "भाऊ, हे एकदा परत बघ."

त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "लय वाईट झालं. वय काय होतं?"

वय मी ठरवलं नव्हतं. "बहात्तर," मी म्हणालो.

"आजारी होते?"

"हो. म्हणजे, थोडे."

"गुरुवारची सुट्टी मी बघतो. तू एकटा कुठं कुठं पळशील? काही लागलं तर सांग."

पुढचे नऊ दिवस मला माझ्याच थापेत राहावं लागलं. कुणाच्या तरी मुलीला नोकरी लागली म्हणून पेढे आले. मी हात पुढे केला आणि दादांनी डबा हळूच पुढे सरकवला. "त्याला सुतक हाय." त्यांनी इतक्या जपून सांगितलं की मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मला दुःख झालंय. एकीकडे मी गेमची आगाऊ फाइल उतरवून ठेवत होतो, आणि तारीख पुन्हा पुढे गेली नाही ना, हे दर तासाला तपासत होतो. चुलते तर जाऊन बसले होते. त्यांना परत कसं आणणार?

गुरुवारी बायको शाळेत शिकवायला गेली. मी पडदे ओढून घेतले, फोन आवाज बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवला आणि बरोबर साडेदहाला घोड्यावर बसलो. इथं लिहायला हवं की माझं मन लागलं नाही, सगळं फिकं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. गेम अप्रतिम होता. कडे चढता येत होते, डोंगरावर गाव होतं. मी जेवलोही नाही. दुपारी तीन वाजता पाणी प्यायला उठलो तेव्हा फोनवर दादांचे सहा मिस्ड कॉल दिसले. मी परत फोन केला नाही.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "भाऊ, काल तू कुठल्या बाजूला होतास रे?"

मला कळेना.

"मी आलो होतो ना रामकुंडावर. सकाळची अर्धी रजा टाकली. टॉवेल-टोपी घेऊन आलो होतो, म्हटलं तुझ्या चुलतभावाला द्यावी. तू दिसेना, फोन उचलेना. एकाला विचारलं तर तो म्हणाला धुळ्याची माणसं तिकडं बसलीत. गेलो, बसलो त्यांच्यात. म्हटलं, तू चहा सांगायला गेला असशील. पिंड ठेवले, कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे. मीपण उभा. मग कळलं, त्यांची म्हातारी गेलेली. चुलते नव्हतेच ते."

"मग?"

"मग काय. टॉवेल-टोपी आणलेली परत कशी न्यायची? तिच्या पोराला दिली. रडला बिचारा."

एवढं ऐकल्यावर खरं सांगायची ती वेळ होती. माझी जीभ हललीसुद्धा. पण ती म्हणाली, "आम्ही पलीकडच्या बाजूला होतो दादा. फोन बॅगेत राहिला."

त्यांनी टेबलावरचं माझं ड्रॉइंग सरळ केलं. मग म्हणाले, "असशील. गर्दी लय होती."

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत क्वालिटी विभागातली एक मुलगी आमच्या टेबलावर आली. तिलाही गेमचा नाद होता आणि तारखेबद्दल आमचं पूर्वी बरेचदा बोलणं झालेलं होतं. "सर, गुरुवारी तुम्ही सुट्टी टाकून खेळत बसला असाल ना? किती झाला?" ती मजेत बोलली, तिचा काही दोष नाही. दादा समोरच बसले होते. मी काहीतरी पुटपुटलो. दादांनी अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली, झाकण लावलं आणि हात धुवायला उठले.

मी शिक्षेची वाट पाहत राहिलो. ते काही बोलले नाहीत, साहेबांना नाही, मला नाही, कुणालाच नाही. डाय बघायला मला बोलावायचे, चहा सांगायचे. फक्त 'काही लागलं तर सांग' हे वाक्य मला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मीही जाऊन माफी मागितली नाही. आज मागू, ऑडिटचा अहवाल आल्यावर मागू, दिवाळीला पाया पडताना मागू. वाट पाहण्याची मला सवय होतीच.

वर्ष गेलं. त्या गेमचा एक जोडभाग निघणार होता, शुक्रवारी, आणि निर्लज्जासारखा मी कॅन्टीनमध्ये त्याचीही चर्चा करत होतो. त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी इगतपुरीहून शेजाऱ्यांचा फोन आला. माझे वडील रेल्वेतून निवृत्त होऊन तिथंच राहत होते. त्यांना छातीत दुखायला लागलं म्हणून शेजारी गाडीत घालून नाशिकला आणत होते.

गेटपासवर दादांची सही लागायची. मी धावत गेलो. "दादा, वडिलांना ॲडमिट करतायत."

त्यांनी मी काय लिहिलंय ते न वाचताच सही केली. "जा."

मला निघायला हवं होतं. पण मी तिथंच उभा राहून मोबाइल पुढे केला. शेजाऱ्यांनी गाडीतून फोटो पाठवला होता, मागच्या सीटवर आडवे झालेले माझे वडील. "हे बघा ना दादा. खरंच."

"अरे, मी विचारलं का? जा ना," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले. फोटो त्यांनी पाहिला नाही. आजारी बापाचा फोटो पुरावा म्हणून नाचवणारा मुलगा त्यांना बघवला नसेल, असं मी स्वतःला सांगतो.

वडील दोन दिवस होते. मंगळवारी दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून मी जोडभागाचा ट्रेलर बघत होतो. त्यांनी विचारलं, "काय बघतोस रे?" मी दाखवलं. त्यांनी चष्म्याशिवाय डोळे बारीक करून घोडा बघितला. "कधी येणार?" मी तारीख, वार, वेळ सगळं सांगितलं. पाच मिनिटांपूर्वी नर्सनं त्यांच्या गोळीची वेळ विचारली होती, ती मला सांगता आली नव्हती. ते म्हणाले, "छान आहे घोडा," आणि डोळे मिटले. बुधवारी पहाटे ते गेले.

उजाडल्यावर मी दादांना फोन केला. "दादा, वडील गेले."

पलीकडे त्यांनी रेडिओ बंद केला. मग ते म्हणाले, "बरं."

"तेरावा उरकून येतो."

"बरं. ये."

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. इगतपुरीचे लोक आले, वडिलांच्या बरोबरचे दोन जुने गँगमन काठी टेकत आले. माझ्या कंपनीतून कुणी आलं नाही. गुरुजी सांगतील तसं मी करत होतो आणि मधूनमधून वर रस्त्याकडे बघत होतो. पांढरा शर्ट दिसला की दादा वाटायचे. बायकोनं विचारलं, "तुमच्या खात्यातलं एकही माणूस नाही?" मी म्हणालो, "ऑडिट चालू आहे." वडिलांच्या पिंडासमोर उभं राहूनही मला खरं बोलता आलं नाही.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो. खात्यातले मला बघून चपापले. एकानं विचारलं, "सर, हे काय? कोण गेलं?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. दादांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. दादांना वाटलं होतं, हा पुन्हा तसलंच काही करतोय. जोडभागाची तारीख त्यांनीही कॅन्टीनमध्ये ऐकलेली होती. आणि बातमी पसरवून नंतर चार लोकांत माझी फजिती व्हायला नको म्हणून त्यांनी ती स्वतःपाशीच ठेवली होती. मला वाचवायला.

ते प्रेस शॉपमधून हात पुसत बाहेर आले आणि माझं मुंडण केलेलं डोकं बघून दारातच थांबले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. सगळ्यांच्या देखत, साठीकडे आलेल्या त्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले.

"चुकलं माझं, भाऊ. मी आलो नाय. मला वाटलं..."

आजूबाजूला सगळे उभे होते. काय वाटलं ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. ते वाटायला लावणारा मी होतो, हे तेवढ्यांसमोर एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, "असू द्या, दादा. होतं असं."