पाहुण्यास पुसावें

रायर बोलायला लागले की त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागायचा. बोलणं थांबलं की अंगठाही थांबायचा. मला वाटे, नामजप करत असतील. म्हाताऱ्या माणसांना काही ना काही चाळा असतोच. मात्र दूधवाल्याशी तमिळमध्ये हुज्जत घालताना तो अंगठा अगदी स्वस्थ असे. हे मी पाहिलं होतं, पण पाहून विचार करायची सवय मला तेव्हा नव्हती.

पन्नास सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. लग्न होऊन चार महिने झाले नाहीत तोच ह्यांची बँकेतून कुंभकोणमला बदली झाली. मी सदाशिव पेठेतली, बावीस वर्षांची, बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून आलेली. हे नऊ वाजता कामावर जात ते संध्याकाळी येत. मधला सगळा दिवस मी आणि चार भिंती. तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं. भाजीवाली आली की मी बोट दाखवायची, ती हसायची, मी आत येऊन रडायची. उगाच नाही सांगत, खरोखर रडायची.

आमच्या समोरच्या घराला रस्त्याच्या बाजूने तिण्णै होती. दाराबाहेरच्या त्या बांधलेल्या ओट्यावर एक उंच, वाळके गृहस्थ पाय खाली सोडून वाचत बसत. सगळी गल्ली त्यांना रायर म्हणायची. तिकडे आपल्या ‘राव’चं रायर होतं. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक दिवस मी दारात उभी राहून मांजराला मराठीत शिव्या देत होते. समोरून आवाज आला, “आपण कोठील?”

मी दचकले, आणि मग मला हसूच फुटलं. दोनशे वर्षांपूर्वीचा कोणी कारकून बखरीतून उठून बोलावा तसं ते बोलणं. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आले ते तिथलेच झाले. मागे पुण्याला मराठी बदलत गेली, ते कोणी ह्यांना कळवलंच नाही. त्यात भाकरीची ‘बाकरी’ व्हायची. मी हसतेय हे त्यांनी पाहिलं. “हांसावें,” म्हणाले, “हांसतां हांसतां उत्तर द्यावें मात्र.” त्या दिवशी आम्ही दुपारची कॉफी होईपर्यंत बोलत बसलो. अंगठा एकसारखा फिरत होता.

माझी परीक्षा राहिल्याचं कळलं तेव्हा त्यांनीच बाहेरून बसायला लावलं. अर्थशास्त्रात संख्याशास्त्राचा एक पेपर होता आणि त्याला मी घाबरून होते. “घाबरावें ऐसें त्यांत कांहीं नाहीं,” ते म्हणाले. “उद्यां कवळी घेऊन ये.” कवळी म्हणजे शंभर विड्याच्या पानांची जुडी. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती शंभर पानं माझ्याकडून जमिनीवर मांडून घेतली, सगळ्यांत लहान पान भिंतीशी, सगळ्यांत मोठं उंबऱ्याशी. माझी कंबर मोडली. मग उंबऱ्याजवळचं एक पान उचलून म्हणाले, “हें नव्वदावें शतमान. म्हणजे काय?” मी म्हटलं, “शंभरापैकी नव्वद गुण मिळालेलं पान.” ते कपाळाला हात लावून बसले. “लेकी, गुण कोणी मागितले? ह्याच्याहून लहान पानें नव्वद आहेत, इतकेंच. पान किती मोठें, हें मी सांगितलें नाहीं. रांगेंत कोठें उभें आहे, हें सांगितलें.” त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी जेवणानंतर विडे झाले. हे विचारत होते, की तुला नक्की शिकवतात काय.

पुढे आली पावलं. आकड्यांचा पसारा सरासरीपासून साधारण किती दूर जातो, त्या प्रमाणित अंतराला ते ‘पाऊल’ म्हणत. माझ्या इंटरच्या गुणांचा कागद त्यांनी मागून घेतला. इंग्रजीत बासष्ट, अर्थशास्त्रात बावन्न. मी इंग्रजीवर खूश होते. “वर्गाची सरासरी इंग्रजींत छप्पन्न धरूं, पाऊल बारा गुणांचें. अर्थशास्त्रांत सरासरी चाळीस, पाऊल सहाचें. आतां चाल.” मी चालले. इंग्रजीत सरासरीच्या पुढे अर्धं पाऊल, अर्थशास्त्रात दोन. “पाहिलें? अंतर पाहूं नये. ज्यांच्यांत उभे आहों, त्यांचें पाऊल केवढें, तें आधीं पाहावें.” हे वाक्य मी तेव्हा वहीत उतरून घेतलं. अर्थ पुढे कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं.

सगळ्यांपासून लांब पडलेल्या आकड्याला त्यांनी दिलेलं नाव होतं पाहुणा. तिरुभुवनमच्या एका विणकराने वीस दिवसांत रोज किती रेशीम विणलं, ते आकडे त्यांनी मला सोडवायला दिले. रोज दोन वीत, तीन वीत, आणि एका दिवशी एकदम नऊ. “हा पाहुणा. पाहुण्यास आधीं पुसावें,” असं सांगून ते कॉफी करायला आत गेले. मी आज्ञाधारक. रबर घेतलं आणि नऊ पुसून टाकला. चांगला स्वच्छ, कागदाला भोक पडेपर्यंत.

रायर पितळी पेला घेऊन बाहेर आले आणि त्या भोकाकडे पाहत राहिले. “काय केलेंस?”

“तुम्हीच म्हणालात ना, पुसावा म्हणून.”

तेव्हा त्यांना उमगलं आणि मलाही. पुसणें म्हणजे विचारणं, हे मी शाळेत जुन्या कवितेखाली शब्दार्थात पाठ केलं होतं. जिवंत माणूस तो शब्द असा वापरेल, हे मात्र मनात आलं नव्हतं. “कोठून आलांत, कां आलांत, ऐसें पुसावें,” ते हळू म्हणाले. “लेखणी घसरली असेल तर दुरुस्त करावें. दुसऱ्याच रांगेंतला असेल तर तैसें लिहावें. दोन्ही नसेल, तर ठेवावें. मी तिरुभुवनास जाऊन त्या विणकरास पुसलें होतें. त्या दिवशीं त्याचा मुलगा सहा वर्षांनीं घरीं आला. दोघे आळीपाळीनें मागावर बसले. वीस दिवसांत सांगण्याजोगा तेवढा एकच दिवस होता, तोच तूं नाहींसा केलास.”

मला फार वाईट वाटलं. त्यांनी आपल्या हाताने तो नऊ पुन्हा लिहिला, भोकाच्या शेजारी.

ह्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती ते न लाजता सांगत. “रस्त्यावर दोघेजण मराठींत भांडतात, तें एकदां कानानें ऐकावें. मग डोळे मिटावे.” दर एकादशीला ते गोविंदपुरमच्या मठात भजनाला जात. तिथे अभंग मराठी, पण गाणारे तमिळ. भजन संपलं की सगळे आपापल्या भाषेत परतायचे आणि हे एकटे चालत यायचे. मी म्हटलं, “रायर, पुण्याला आमची भाजीवालीसुद्धा मराठीत भांडते. माझ्या भावाकडे एक खोली रिकामी आहे. जा कायमचे. इथे तुमचं कोण आहे?” महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. मी तशीच आहे, एक गोष्ट धरली की सोडत नाही. शेवटी त्यांनी घराची किल्ली शेजारी दिली, पुस्तकांची पेटी बांधली आणि ते गेले. जाताना नव्या नवरदेवासारखे लाजत होते.

तीन आठवड्यांनी भावाचं पत्र आलं. लिहिलं होतं, रायर म्हणजे मोठी करमणूक आहे, शेजारपाजारचे मुद्दाम त्यांना ऐकायला येतात, ‘परत म्हणा, परत म्हणा’ करतात. आणि परवाची गंमत तर ऐकच. मंडईजवळ दोघे सायकलवरून भांडत होते. रायर लगबगीने मध्ये गेले, हात जोडून म्हणाले, “आपणां दोघांस पुसूं काय?” त्यातला एक म्हणाला, “पुसा की, घामाने भिजलोच आहे.” भांडण राहिलं बाजूला, अख्खा रस्ता हसला.

मीही हसले. खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणी येईतो हसले. संध्याकाळी ह्यांना ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. हे हसले नाहीत. म्हणाले, “आणि रायर काय म्हणाले मग?” ते पत्रात नव्हतं.

सहा आठवडे पुरे व्हायच्या आत समोरच्या तिण्णैवर रायर बसलेले दिसले. मी धावतच गेले. “रायर, कधी आलात? सांगायचं नाही का?” त्यांनी पुस्तकातून मान वर केली आणि शुद्ध इंग्रजीत म्हणाले, की परीक्षा जवळ आली आहे, पुढचं प्रकरण उघड.

त्या दिवसापासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. राग नव्हता. कॉफी तशीच मिळायची, चुका तशाच दाखवायचे. अंगठा मात्र पुस्तकावर स्वस्थ पडलेला. मी मराठीत विचारायची, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे. एकदा मी हट्टच धरला, की झालं तरी काय ते सांगा. तेव्हा कागदावर दोन रेषा काढून, परीक्षेतलं उदाहरण समजवावं तसं त्यांनी समजावलं. कुंभकोणमच्या बाजारात तमिळ, तेलुगू, कानडी, सौराष्ट्री, सगळे आपापल्या तऱ्हेने बोलतात. पसारा मोठा, म्हणून पाऊल मोठं. म्हणाले, इथे मी मधल्यापासून दोन पावलांवर. पुण्यात सगळे एकासारखे बोलतात, पाऊल अगदी लहान. अंतर इथल्याहून कमी असेल, तरी तिथे मी सहा पावलांवर. एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी केली. मी माफी मागितली. ते म्हणाले, यात चूक कोणाची नाही, हे गणित आहे. मला ते गणित नको होतं, पण दुसरं काही मागायला माझं तोंड राहिलं नव्हतं.

मी पास झाले. संख्याशास्त्रात तर चांगली पास झाले. आणि त्याच महिन्यात ह्यांची नागपूरला बदली झाली. निघण्याच्या सकाळी रायर स्टेशनवर आले. हे सामान चढवत होते. गाडीने शिट्टी दिली, तेव्हा खिडकीतून त्यांनी एक जाड, कापडी पाठीची वही माझ्या मांडीवर ठेवली. सात महिन्यांनी त्यांचा अंगठा पेरांवर चढला.

“ही वही ठेव,” ते म्हणाले. “यांत पाहुणे आहेत. पुसून टाकूं नको. जा आतां, लेकी.”

गाडी हलली. मी हात हलवला की नाही, आठवत नाही. माझा शब्द माझ्या अर्थाने त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता, हेही मायावरम मागे पडल्यावर लक्षात आलं.

मग वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: ‘मराठींत केलेलें बोलणें. रोजचीं वाक्यें. देवाशीं केलेलें धरूं नये.’ खाली तारखा, आणि तारखांपुढे आकडे. बायको गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात होती. शून्य. शून्य. शून्य. पानंच्या पानं शून्यं. एखाद्या एकादशीला एक, कधी दोन. सात वर्षांची शून्यं त्यांनी रोज बसून लिहिली होती. आणि मग एका तारखेला एकदम एक्केचाळीस. त्यापुढे बारीक अक्षरांत: ‘पाहुणा. पुसलें. पुण्याची म्हणाली. चूक नव्हे. ठेवावें.’

पुढची पानं माझी होती. तीस, पन्नास, पंचेचाळीस. मग पुणं. पहिल्या दिवशी ब्याण्णव. मग सत्तर, चाळीस, अकरा, तीन. मंडईतल्या त्या दिवसापुढे एक, आणि त्यानंतर शून्य. जिथे भाजीवालीही मराठीत भांडते, तिथे रायरांनी शून्य लिहिलं होतं. पुढे कुंभकोणमची सात महिन्यांची शून्यं, आणि त्यांतल्या बहुतेक दिवशी मी त्यांच्यासमोर बसलेली होते.

शेवटची ओळ त्या दिवसाची होती. तारीख घरूनच लिहून आणली होती, पुढची जागा कोरी. दिवस संपायच्या आधी आकडा लिहिणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. आणि वही मला देऊन टाकली होती, म्हणजे त्या दिवसानंतर मोजायचं काही राहणार नाही, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

मी त्यांचं प्लॅटफॉर्मवरचं बोलणं मनात पुन्हा म्हटलं आणि पेरांवर मोजलं. ह्यांच्याकडून पेन्सिल घेतली आणि त्या कोऱ्या जागेत ४ लिहिला. नागपूरला पोहोचल्यावर सामान सोडायच्या आधी मी दौत काढली आणि तो शाईने गिरवला. पेन्सिलीचं पुसलं जातं.