एका ओढीत बसलेलं कापड

मामाच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की आधी नाक झोंबायचं, मग डोळे, आणि मग कुठूनतरी मामाचा आवाज यायचा, "दार लाव गं, धूळ आत येतेय!" आत जेवढी धूळ होती तेवढी अख्ख्या रस्त्यावर नसेल. पण बाहेरची धूळ परकी आणि आतली घरची, असा त्याचा न्याय होता.

मामा गाड्यांसाठी स्पीकरचे पॉड बनवतो. गाडीच्या दारात मुळात छोटासा स्पीकर असतो. कुणाला त्याहून मोठा हवा असला, त्याचं तोंड थेट आपल्या कानाकडे वळलेलं हवं असलं, की तो माणूस मामाकडे येतो आणि मामा त्या दाराला जणू गुडघा काढून देतो. आधी दारावर साचा घेऊन तळ करायचा. मग लाकडाच्या पाटातून कापलेली गोल रिंग बारक्या टेकूंवर तिरकी उभी करायची. मग रिंगेपासून तळापर्यंत मऊ, ताणलं जाणारं कापड ओढायचं, मागून स्टेपल मारायचे आणि वरून ब्रशने रेझिन पाजायचं. कापड ओलं होतं, गडद होतं, हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि बघता बघता त्याचा दगड होतो. पुढे पुट्टी, घासणं, वर कातडं. पण सगळा जीव त्या कापडात.

"एका ओढीत बसलं पाहिजे," मामा म्हणायचा. "दुसऱ्यांदा ओढलं की सुरकुती. आणि सुरकुतीवर रेझिन बसलं की ती जन्माची."

"तुमच्या कपाळावर बसलीय तशी," मामी आतून म्हणायची.

पुढे वर्कशॉप, मागे घर, मधे एक पडदा. त्या पडद्यातून मामीचे टोमणे चहाच्या आधी बाहेर यायचे.

कापडही मामीमुळेच मिळायचं. ती पॅकिंगच्या कारखान्यात होती. गोदाम थंडगार, म्हणून तिथल्या सगळ्या बायकांना एकसारखं जॅकेट मिळायचं. राखाडी, फ्लीसचं, मांजराच्या पोटासारखं मऊ. जुनं झालं की बायका ते पिशवीत कोंबून मामाच्या पायरीजवळच्या मोडक्या खुर्चीत ठेवून जायच्या. किती गाड्यांच्या दारांत त्या बायकांची जॅकेटं गाणी ऐकत बसली असतील, कुणास ठाऊक.

आता मामाचं नाक. हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा फक्त मामीला माहीत होतं. "मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते," म्हणून त्याने वर्षानुवर्षं तोंड उघडं ठेवून रेझिन लावलं आणि त्याला वास येणं हळूहळू बंदच झालं. रेझिनचाच नव्हे, सगळ्याचाच. एकदा दूध जळून भांडं काळं झालं तरी हा शेजारी बसून रेडिओ दुरुस्त करत होता. तेव्हापासून मामी त्याचं नाक झाली.

"अहो, शर्ट बदला."

"का? सकाळीच घातलाय."

"कारण विचारू नका. बदला."

"बारकीला सांगू नकोस हां," मामा म्हणायचा. "डॉक्टरांच्या दारात उभं करेल मला." बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक. कॉलेजात जाते, बापापेक्षा उंच आहे, पण घरात बारकीच.

मग मामी गेली. ताप आला, उतरला, परत आला आणि तिला घेऊनच गेला. एवढंच. तिच्याबद्दल एवढंच एका ओळीत लिहिताना माझाच हात अडतो, पण झालं तेवढ्याच घाईत.

तिच्या साड्या, ड्रेस, स्वेटर सगळे धुतलेले होते. न धुतलेलं एकच राहिलं होतं, कारखान्याचं राखाडी जॅकेट, दारामागच्या खिळ्याला. बारकीने ते कुणाला हात लावू दिलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, वर दोन गाठी मारल्या. एखाद्या संध्याकाळी गाठी सोडून तोंड आत घालायची आणि लगेच परत बांधायची. "जास्त वास नाही घ्यायचा," मला म्हणाली. "संपेल."

एकदा मी तिथे असताना तिने ती पिशवी मामासमोर धरली.

"बाबा, घे. अजून येतोय."

मामाने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग जॅकेटात तोंड खुपसलं. बराच वेळ वर केलं नाही.

"येतोय ना?"

"हो," मामा आतूनच म्हणाला. "येतोय की."

"बामचा जास्त येतोय का साबणाचा?"

"दोन्ही."

बारकी रडत रडत हसली. मामी गेल्यापासून बापलेक एकमेकांशी "जेवलास?" "जेवलो" यापलीकडे बोलत नव्हते. त्या दिवसापासून दोघांमध्ये काहीतरी झालं. तिने पिशवी सोडायची, त्याने तोंड घालायचं आणि मान हलवायची. "कमी झालाय नाही रे?" "थोडासा." तेव्हा मला वाटायचं, चला, दुःख वाटून घ्यायला कुणीतरी आहे दोघांना.

पुढचं सगळं एका रंगाच्या डब्यामुळे झालं. मागच्या खोलीला ओल आली होती, रंग द्यायला घेतला. रंगाचा वास जॅकेटला लागू नये म्हणून कॉलेजला जाताना घाईघाईत बारकीने पिशवी बाहेर ठेवली. कुठे? पायरीजवळच्या मोडक्या खुर्चीत.

त्याच सकाळी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर आला. शिकाऊ लोकांच्या गाडीला, छतावर पाटी असलेल्या, त्याला दोन्ही दारांत मोठे स्पीकर हवे होते.

"मास्तर, तुमच्या पोरांना ब्रेक सापडत नाही आणि तुम्हाला बास हवाय?" मामा म्हणाला.

"अरे बाबा, दिवसभर मी ओरडतो, क्लच, क्लच, क्लच! घसा बसलाय माझा. जरा गाणं लागलं की पोरं पण शांत आणि मी पण."

"आणि गाडी?"

"गाडी देवाच्या हवाली."

मामाने तळ केला, रिंग उभ्या केल्या आणि कापडाला निघाला. खुर्चीत नेहमीसारखी एक पिशवी होती, ती न बघताच ब्लेडने टरकावली. मी स्टुलावर बसून चहा पीत होते. जॅकेट राखाडी, आजवरच्या सगळ्या जॅकेटांसारखं. मलाही काही वाटलं नाही. त्या खोलीत रेझिनपुढे दुसरा कुठला वास टिकतच नव्हता. मामाने उभ्या उभ्या शिवण उसवली, चेन काढून टाकली, पाठीचं कापड दोन हातांत धरलं आणि डोळे मिटून ताणून बघितलं. कापड तो असंच पारखतो, बोटांनी.

"अरे वा!" तो म्हणाला. "बघ गं, काय लोणी आहे. किती वापरलंय कुणी. सांगितलेलं ऐकतंय अगदी. तुझ्या मामीसारखं नाही."

आणि हसला. मामी गेल्यानंतर पहिल्यांदा. मीही हसले.

कापड एका ओढीत बसलं. एक सुरकुती नाही. पाठीचे दोन तुकडे, दोन दारं. मामाने रेझिन पाजलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही पॉड घासून, कातडं चढवून तयार झाले, मास्तर गाणी लावून हॉर्न वाजवत गेला. खोलीचा रंग वाळला. बारकी कॉलेजातून येऊन सामान परत आत लावायला लागली. मग ती पडद्यातून बाहेर आली.

"बाबा, खुर्चीतली माझी पिशवी?"

"कुठली?"

"दोन गाठींची."

मामा पॉलिश पेपर फाडत होता. त्याचा हात तिथेच राहिला.

"ती... जॅकेटांची?"

"जॅकेटांची नाही. एकच होतं त्यात."

मामाची नजर कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. तिची पण गेली. वरच पडल्या होत्या दोन बाह्या, कॉलर आणि चेन. त्यांच्यावर रेझिनचे ब्रश पुसलेले होते.

ती डब्यापाशी बसली. एक बाही उचलली, नाकाशी नेली आणि खाली टाकली.

"तू उघडलीस ना पिशवी?" ती म्हणाली. आवाज एकदम हळू. "हातात घेतलंस ना? मग वास नाही आला तुला? सगळी सारखी असतील दिसायला, पण वास? बाबा, वास आला तरी तू कापलंस?"

मला तेव्हा काही कळत नव्हतं, नंतर कळलं तो कशात अडकला होता. आला म्हणावं, तर जाणूनबुजून कापलं. नाही आला म्हणावं, तर त्या सगळ्या संध्याकाळी खोट्या.

"बोल ना!"

"नाही आला."

"असं कसं?"

"मला वासच येत नाही, बारके. कशाचाच. बरीच वर्षं झाली. तुझ्या आईला माहीत होतं."

ती उठून उभी राहिली.

"'दोन्ही' म्हणालास तू. मी विचारलं बामचा का साबणाचा, तू म्हणालास, दोन्ही."

"तू एवढ्या आशेने पुढे केलंस गं... मला वाटलं..."

"'थोडासा कमी झालाय' म्हणायचास."

"हो."

"म्हणजे एवढे दिवस मी एकटीच होते," बारकी म्हणाली आणि पडद्याआड गेली.

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती करायची ते सगळं करत राहिली, स्वयंपाक, कॉलेज, कपडे. फक्त "जेवलास?" पण बंद झालं. ताट झाकून ठेवायची आणि आत जायची.

मामा पॉड परत मागायला मास्तरकडे गेला. मी सोबत होते, म्हणून तेवढं पाहिलं. मास्तर आधी नेहमीसारखा उसळला. "परत? अहो, आत्ता कुठे पोरं क्लच तालात सोडायला लागलीत! काय राव, माझ्या पॉडवर दुसरा कुणी डोळा ठेवून आहे का?"

मामा म्हणाला, "आत माझ्या बायकोचं जॅकेट आहे."

मास्तरने पुढे एक शब्द विचारला नाही. शिकाऊ पोराला खाली उतरवलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून एकेक स्क्रू काढायला लागला.

रेझिनमधून कापड सुटत नाही, हे मामाइतकं कुणाला माहीत असणार? तरी तो घासायला बसला. आधी कातडं सोलून काढलं. त्याखाली पुट्टी. मशीन लावलं तर पुट्टीबरोबर कापड पण जाणार, म्हणून हाताने, पाणी मारत, बारीक पेपरने. एक पॉड तसाच बिघडला. कापड दिसायला लागलं आणि पुढच्याच हाताला तिथे भोक पडलं. मामा त्या भोकाकडे बघत बसला. मग त्याने दुसरा घेतला.

दुपार कलायला आली तेव्हा पांढऱ्या पुट्टीतून राखाडी वर आलं. ओल्यासारखं गडद. पाठीच्या वरच्या भागावर, जिथे मामी गोदामात खोक्यांना टेकून उभी राहायची, तिथे कापडाची लव झिजून गुळगुळीत झाली होती. ते सगळं दिसत होतं, काचेखाली असावं तसं. एक सुरकुती नव्हती.

पडदा हलला. बारकी कधी येऊन उभी होती कळलं नाही. तिने पुढे येऊन बोट फिरवलं. कडक. मग वाकून नाक लावलं.

"काय येतोय?" मामाने विचारलं.

"रेझिन."

"कसा असतो गं तो? मी विसरलो."

"तू लहानपणी उचलून घ्यायचास ना मला, तसा."

मामाने ओल्या हाताने डोळे पुसले, तर गालावर पुट्टीचा पांढरा पट्टा उमटला. एरवी बारकी हसली असती.

"मला सांगशील?" तो म्हणाला. "तिच्या जॅकेटाचा. मी त्यात तोंड घालायचो तेव्हा मला काय येत असायला हवं होतं? सगळं सांग. आता खोटं नाही बोलणार मी."

बारकी त्याच्या शेजारी खाली बसली, त्या पांढऱ्या चिखलात. पॉड मांडीवर घेतला.

"बाम," ती म्हणाली. "आधी बाम. मग साबण, पण वडीचा, भांड्यांचा नाही. मग कारखान्यातल्या खोक्यांचा, पुठ्ठ्याचा, थोडासा कुबट. आणि..."

"आणि?"

"आणि त्या सगळ्याच्या खाली एक होता. तिचाच. तो..."

तिने डोळे मिटले. नाक वर करून श्वास घेतला, पुन्हा घेतला. खोलीत रेझिनशिवाय काही नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"थांब हां, बाबा," ती म्हणाली. "थांब. आठवतेय मी."

मामा थांबला. पॉलिश पेपर हातातच होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.